अ‍ॅन फ्रँकची उन्हाळी सुट्टी

प्राथमिक शाळा मागे पडलेली आणि माध्यमिक शाळा अजून सुरू न झालेली, अशी मधली उन्हाळी सुट्टी प्रत्येकाच्या आयुष्यात एकदाच येते. जुने सवंगडी पांगलेले असतात, नवे अद्याप भेटलेले नसतात. हाती लागेल ते पुस्तक वाचावे, संधी मिळाल्यास एखादा चित्रपट पाहावा आणि कुणाला न दाखवता वहीत काही खरडावे, असे ते दिवस. घरातील वडीलधाऱ्यांना हा काळ पुष्कळदा वाया गेल्यासारखा वाटतो. अशाच वयातील एका मुलीच्या दोन उन्हाळ्यांची हकिकत इतिहासाने जपून ठेवली आहे. चित्रपटगृह, वाचनालय आणि शाळा ही तिन्ही दारे तिच्यासाठी एकामागून एक बंद करण्यात आली होती. तरीही तिचे वाचन थांबले नाही, चित्रपटांचे वेड ओसरले नाही आणि लेखणी तर त्याच काळात जन्माला आली. हे कुणामुळे शक्य झाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

अ‍ॅन फ्रँक हे नाव आपल्या वाचकांना अपरिचित नाही. तिचा जन्म १२ जून १९२९ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर तिचे वडील ऑटो फ्रँक यांनी मायदेश सोडून हॉलंडमधील अ‍ॅम्स्टरडॅम येथे बिऱ्हाड केले. तेथे ते जॅमसाठी लागणाऱ्या पेक्टिनचा व्यवसाय करीत. शहराच्या दक्षिण भागातील मेर्वेदेप्लाइन या चौकातील ३७ क्रमांकाच्या इमारतीत ऑटो, त्यांची पत्नी एडिथ आणि मार्गो व अ‍ॅन या दोन मुली असे चौघांचे कुटुंब राहू लागले. अ‍ॅन माँटेसरी शाळेत जाऊ लागली. परंतु ज्या संकटापासून हे कुटुंब दूर आले होते, ते त्यांच्या मागोमाग आले. १० मे १९४० रोजी जर्मन सैन्याने हॉलंडवर आक्रमण केले आणि अवघ्या पाच दिवसांत तो देश पारतंत्र्यात गेला.

जुलमी सत्ता नेहमी तलवार उपसूनच येते असे नाही. पुष्कळदा ती एखाद्या लहानशा सूचनाफलकाच्या रूपाने येते. जानेवारी १९४१ मध्ये ज्यूंना चित्रपटगृहात जाण्यास मनाई झाली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पोहण्याचे तलाव त्यांच्यासाठी बंद झाले. हॉलंडमध्ये उन्हाळ्याची सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये येते आणि त्यानंतर नवे शैक्षणिक वर्ष सुरू होते. अ‍ॅनची ती प्राथमिक शाळेनंतरची सुट्टी होती. सहावीच्या वर्गशिक्षिका शाळेच्या मुख्याध्यापिकाही होत्या. त्यांचा निरोप घेताना दोघींच्याही डोळ्यांत पाणी आले होते, असे अ‍ॅनने पुढे लिहून ठेवले आहे. १५ सप्टेंबर १९४१ रोजी आणखी एक फर्मान निघाले आणि उद्याने, प्राणिसंग्रहालये, उपाहारगृहे, नाट्यगृहे व सार्वजनिक वाचनालये ज्यूंना बंद झाली. ज्यू मुलांना इतर मुलांसोबत शिकण्यासही बंदी आली. त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढण्यात आल्या आणि ऑक्टोबरमध्ये अ‍ॅन मार्गोसह ज्यू लायसियम या माध्यमिक शाळेत जाऊ लागली. तिचे माध्यमिक शिक्षण असे सक्तीच्या विभक्तपणातून सुरू झाले.

अ‍ॅनला चित्रपटांचे विलक्षण वेड होते. नटनट्यांची छायाचित्रे असलेली कार्डे ती हौसेने जमवीत असे. चित्रपटगृहाचे दार बंद झाल्यावर ऑटो फ्रँक यांनी जे केले ते प्रत्येक पालकाने ध्यानात घेण्याजोगे आहे. काळच वाईट आहे, त्याला इलाज नाही, असे सांगून त्यांनी मुलीची समजूत काढली नाही. त्यांनी प्रक्षेपक आणि चित्रफीत भाड्याने आणली आणि घराच्या दिवाणखान्यातच चित्रपट दाखविला. अ‍ॅनने शाळेतील एका मैत्रिणीच्या सोबतीने निमंत्रणपत्रिका टाइप केल्या, त्याही अगदी चित्रपटाच्या तिकिटाच्या धर्तीवर. जून १९४२ मध्ये तिच्या वाढदिवसाच्या मेजवानीलाही ‘रिन टिन टिन’ या त्या काळी गाजलेल्या कुत्र्याचा चित्रपट दाखविण्यात आला आणि वर्गमित्रांना तो फार आवडला. रस्त्यावर ही मुले छातीवर पिवळा तारा लावून फिरत होती, कारण मे १९४२ पासून तशी सक्ती झाली होती. त्या दिवाणखान्यात मात्र तास-दोन तास ती इतर कुठल्याही मुलांसारखी मुले होती.

शाळेतील एक प्रसंग अ‍ॅनच्या लेखनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वर्गात ती अखंड बोलत असे. गणिताच्या वयोवृद्ध शिक्षकांनी कंटाळून तिला शिक्षा म्हणून ‘बडबडी’ या विषयावर निबंध लिहून आणण्यास सांगितले. तिने लिहिले की बोलणे हा स्त्रीस्वभाव असून आपली आईही तितकीच बोलकी असल्याने या आनुवंशिक गुणाला इलाज नाही. शिक्षक हसले, पण बडबड थांबली नाही. म्हणून दुसरा आणि पुढे तिसरा निबंध लिहावा लागला. तिसरा तिने एका मैत्रिणीच्या मदतीने पद्यात लिहिला. फार कलकलाट करतात म्हणून पित्याच्या चोचीने प्राणास मुकलेल्या बदकाच्या पिलांची ती कथा होती. शिक्षकांना त्यातील रोख कळला. त्यांनी ती कविता वर्गात वाचून दाखविली आणि त्यानंतर अ‍ॅनला बोलण्याची मोकळीक मिळाली. शिक्षेतून लेखक घडविणारे शिक्षक विरळच. विनोदाचे उत्तर विनोदाने देणाऱ्या या गुरुजींचे ऋण मराठी वाचकानेही मानावयास हवे.

१२ जून १९४२ रोजी, शुक्रवारी, अ‍ॅनला तेरावे वर्ष पूर्ण झाले. वाढदिवसाच्या भेटींत पुस्तके होती आणि पुस्तकांसाठी पैसेही होते. त्यातून तिला ग्रीक व रोमन दैवतकथांचे पुस्तक घ्यावयाचे होते. परंतु सर्वांत मोलाची ठरली ती लाल-पांढऱ्या चौकड्यांचे कापडी वेष्टन असलेली एक वही. वास्तविक ती मित्रमैत्रिणींच्या सह्या घेण्याची वही होती. अ‍ॅनने ती रोजनिशीसाठी वापरावयाचे ठरविले आणि त्याच दिवशी लिहावयास आरंभ केला. पहिल्या पानांत वर्गातील मुलामुलींची वर्णने आहेत, टेबल टेनिस खेळणाऱ्या पाच मैत्रिणींचे मंडळ आहे, आइस्क्रीमच्या दुकानातील गप्पा आहेत. त्याचबरोबर ट्राममध्ये बसता येत नाही, सायकल देऊन टाकावी लागली, रात्री आठनंतर घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, हेही आहे. एवढ्या लहान वयात तिने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या.

३ जुलै रोजी शाळेचा वर्षान्त समारंभ झाला. अ‍ॅनचे प्रगतिपुस्तक समाधानकारक होते. समारंभ ज्यू नाट्यगृहात, म्हणजे शहरातील जुन्या ‘हॉलंडशे स्खाउबुर्ख’मध्ये भरला होता. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात ते नाट्यगृह पकडलेल्या ज्यूंना डांबण्याचे ठिकाण बनले. जेथे मुलांनी प्रगतिपुस्तके घेतली, तेथूनच हजारो माणसे मृत्यूच्या प्रवासाला धाडण्यात आली. त्यावेळी हॉलंडमध्ये सुमारे १ लाख ४० हजार ज्यू होते. त्यांपैकी १ लाखाहून अधिक जण मारले गेले.

५ जुलैला, रविवारी, सोळा वर्षांच्या मार्गोच्या नावे जर्मनीत कामासाठी हजर होण्याचा हुकूम आला. दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या पावसात, अंगावर कपड्यांवर कपडे चढवून, फ्रँक कुटुंबाने घर सोडले. प्रिन्सेनग्राख्त २६३ येथील ऑटो यांच्या कार्यालयाच्या मागील इमारतीत त्यांनी आश्रय घेतला. सामान भरताना अ‍ॅनने पिशवीत सर्वांत आधी घातली ती आपली रोजनिशी. वही मिळाल्यापासून जेमतेम साडेतीन आठवडे लोटले होते.

याच जुलैमध्ये हॉलंडच्या ख्रिस्तसभेने आपला आवाज उठविला, याचीही येथे नोंद केली पाहिजे. २६ जुलै १९४२ रोजी, रविवारी, ज्यूंच्या हद्दपारीचा निषेध करणारे बिशपांचे पत्र देशभरातील कॅथलिक चर्चमध्ये वाचण्यात आले. सत्ताधाऱ्यांनी त्याचा सूड उगवला. २ ऑगस्ट रोजी ज्यू वंशाच्या कॅथलिकांना अटक झाली. त्यांत एख्त येथील कार्मेल मठातील एडिथ श्टाइन आणि त्यांची बहीण रोझा याही होत्या. ९ ऑगस्टला आउश्वित्झमध्ये त्यांचा अंत झाला. कॅथलिक वृत्तपत्रांनी नाझी प्रचार छापू नये यासाठी संपादकांच्या भेटी घेत फिरणारे कार्मेलाइट धर्मगुरू टायटस ब्रँड्स्मा हे दाखाऊच्या छळछावणीत निवर्तले, तेही त्याच २६ जुलैला. एडिथ श्टाइन यांना १९९८ साली आणि ब्रँड्स्मा यांना २०२२ साली संतपद देण्यात आले. छापलेल्या आणि उच्चारलेल्या शब्दाची सत्तेला किती धास्ती वाटत होती, हे त्या एका उन्हाळ्यावरून कळते.

लपण्याच्या जागेत अ‍ॅनची सुट्टी संपली नाही आणि शाळाही सुरू झाली नाही. त्या कोंडलेल्या खोल्यांत पुढे एकूण आठ माणसे राहिली. ऑटो यांनी मुलीचा नटनट्यांच्या छायाचित्रांचा संग्रह आधीच तेथे आणून ठेवला होता. अ‍ॅनने त्या चित्रांनी खोलीच्या उघड्या भिंती सजविल्या. त्यांतील काही आजही तेथे पाहावयास मिळतात. कार्यालयातील सहकारी व्हिक्टर कुग्लर हे दर सोमवारी तिच्यासाठी चित्रपटविषयक साप्ताहिक आणीत. घरातील काही मोठ्यांना हा पैशाचा अपव्यय वाटे, पण कुग्लर यांनी आपला नेम मोडला नाही.

पुस्तकांची कथाही अशीच आहे. मीप खीस दर शनिवारी वाचनालयातील पुस्तके घेऊन येत आणि मागील घरातील सारी मंडळी त्या दिवसाची वाट पाहत. योहानेस क्लाइमन अ‍ॅनसाठी खास मुलींच्या कादंबऱ्या आणीत. सिसी फान मार्क्सफेल्ट या डच लेखिकेच्या ‘योप तेर ह्यूल’ मालिकेने तर तिला भारून टाकले. या मालिकेतील १९१९ साली निघालेले पहिले पुस्तक एका शाळकरी मुलीच्या जीवनावर असून त्याचा बराचसा भाग पत्ररूप आहे. याच लेखिकेची उन्हाळ्यातील गमतीजमतींची एक कादंबरी अ‍ॅनने चार वेळा वाचली. कडक समीक्षक अशा पुस्तकांना हलकेफुलके साहित्य म्हणून बाजूला सारतील. परंतु रोजनिशी पत्ररूपाने लिहिण्याची रीत अ‍ॅनने येथूनच उचलली आणि जिला ती पत्रे लिहिली ती ‘किटी’ हीदेखील याच मालिकेतील एक पात्र, असे अभ्यासकांचे सर्वसाधारण मत आहे. मूल पुढे जाऊन काय होईल हे त्याच्या हातातील आजच्या पुस्तकावरून ठरविण्याची घाई आपण करू नये, हेच खरे.

२८ मार्च १९४४ रोजी डच सरकारचे परागंदा शिक्षणमंत्री बोल्केस्टाइन यांनी लंडनहून नभोवाणीवर आवाहन केले की युद्धानंतर लोकांच्या रोजनिशी व पत्रे जमा केली जावीत. ते ऐकून अ‍ॅनने मेपासून आपली रोजनिशी नव्याने लिहावयास घेतली. दोनशेहून अधिक सुटे कागद तिने भरले. त्यामुळे आज आपण जून १९४२ ची म्हणून जी पाने वाचतो, त्यांतील काही भाग जवळजवळ पंधरा वर्षांच्या अ‍ॅनने तेरा वर्षांच्या अ‍ॅनकडे मागे वळून पाहत लिहिलेला आहे. तेव्हा ती केवळ मनातले ओतणारी मुलगी राहिली नव्हती. निवडणारी, वगळणारी, पुन्हा घडविणारी लेखिका झाली होती.

४ ऑगस्ट १९४४ रोजी सर्वांना अटक झाली. अ‍ॅन आणि मार्गो यांचा १९४५ च्या फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये बेर्गेन-बेल्सेन छावणीत अंत झाला. आठ जणांपैकी एकटे ऑटो परतले. जमिनीवर विखुरलेले अ‍ॅनचे कागद मीप आणि त्यांची सहकारी बेप यांनी गोळा केले होते. मीपने ते न वाचता खणात जपले आणि अ‍ॅनच्या मृत्यूची खात्री झाल्यावर पित्याच्या हाती सोपविले. २५ जून १९४७ रोजी ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. १९५९ साली त्यावर हॉलिवूडमध्ये चित्रपट निघाला. त्यातील भूमिकेसाठी शेली विंटर्स यांना मिळालेला ऑस्कर त्यांनी अ‍ॅम्स्टरडॅमच्या त्या घराला अर्पण केला. जिला चित्रपटगृहाच्या दारातून परत पाठविले, तिच्या घरात आज चित्रसृष्टीचा तो बहुमान ठेवलेला आहे.

भाड्याने आणलेली चित्रफीत, सोमवारचे साप्ताहिक, शनिवारची पुस्तके आणि चौकड्यांची वही या चारही वस्तू फार किमती नव्हत्या. त्या आणून देणाऱ्यांपैकी कुग्लर, क्लाइमन, मीप यांच्यासारख्यांनी मात्र त्यांसाठी जीव धोक्यात घातला होता. आपल्या धर्मग्रामातील मुलांसाठी एवढा धोका पत्करण्याची वेळ आपणावर आलेली नाही. सुट्टीत त्यांच्या हाती एक पुस्तक आणि एक कोरी वही देणे एवढेच आपले काम आहे, आणि ते आपण टाळू नये.

मेर्वेदेप्लाइनवरील फ्रँक कुटुंबाचे ते जुने घर पूर्वीसारखे सजविण्यात आले असून २००५ पासून, स्वदेशात मोकळेपणाने लिहिता न येणाऱ्या परदेशी लेखकांना ते राहण्यासाठी आणि लिहिण्यासाठी देण्यात येऊ लागले.