पॅनेल पुढे, तारा मागे

आज सौरऊर्जा. पण मी फौजी माणूस, त्यामुळे हा इतिहास मोहिमेसारखा सांगणार आहे.

जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झाले. उद्दिष्ट होते २०२२ पर्यंत २० गिगावॉट, म्हणजे २०,००० मेगावॉट. त्याच वर्षअखेरच्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटला १०.९५ रुपये आली, आणि तेव्हा तीही स्वस्त वाटली! मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडल्याच्या लिलावात दर २.४४ रुपयांवर उतरला. याचे मोठे श्रेय चिनी कारखान्यांचे, हे कडू असले तरी मानावे लागते. आपण देशी पॅनेलांचा आग्रह धरला, तर अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१६ मध्ये निकाल आपल्या विरोधात लागला.

दरम्यान २०१५ मध्ये उद्दिष्ट पाचपट झाले होते: १०० गिगावॉट, त्यातले ४० छपरांवर. २०२२ संपताना आपण साठीच्या थोडे पुढे होतो. छपरांनी तर फारच निराशा केली. शंभरचा टप्पा जानेवारी २०२५ मध्ये गाठला. उशीर झाला, पण याला मी पराभव म्हणणार नाही.

खरी अडचण रसदीची आहे. रणगाडे पुढे गेले आणि डिझेल मागे राहिले, तर ते रणगाडे काय कामाचे? सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. त्याची वीज नेणाऱ्या मोठ्या पारेषण वाहिनीला जास्त वेळ लागतो. मनोऱ्यांच्या जागा, वनखात्याची परवानगी, मोबदल्याचे वाद. भडल्यात २,२४५ मेगावॉट क्षमता आहे, पण वापरणारी शहरे नि कारखाने शेकडो किलोमीटर लांब. म्हणून पश्चिम राजस्थानात भर उन्हात प्रकल्पांना उत्पादन कमी करायला सांगावे लागते.

बरे, तारा टाकायच्या तर वाटेत माळढोक आहे. जड पक्षी, उडताना समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासातल्या तारा शक्य तिथे जमिनीखाली न्यायला सांगितले. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञ समितीकडे दिला. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये याच पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. आता तिथे एखादा दिसला तर बातमी होते.

जैसलमेरकडे गावांची ओरणे आहेत. आपल्या देवराईसारखीच, देवाच्या नावाने राखलेली चराऊ जमीन. उंट, शेळ्या, खेजडीची झाडे, पाण्याच्या जागा, सगळे तिथेच. अनेक ओरणांची महसुली दप्तरात तशी नोंदच नाही, त्यामुळे ती पडीक सरकारी जमीन ठरून प्रकल्पांना मिळू शकते. नोंद करा म्हणून गावकरी पदयात्रा काढतात. माझ्या मते ही नोंद आधी व्हावी, जमिनीचे वाटप नंतर.

२०३० साठीचे उद्दिष्ट ५०० गिगावॉट आहे, सौर, वारा, पाणी, अणू सगळे धरून. सूर्य मावळल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी पुढच्या भागात आपण घाटघरला जाऊ. तिथे वीज जास्त असताना पाणी वर चढवतात आणि गरज पडली की खाली सोडतात.