चार्ल्स गुडनाइट : म्हातारा काउबॉय

सिनेमातला काउबॉय नेहमी तरुण. चार्ल्स गुडनाइट (१८३६-१९२९) मात्र ९३ वर्षं जगला! शाळा लहानपणीच सुटली. तरुणपणी टेक्सासमध्ये रेंजर म्हणून कोमांची लोकांशी लढला. १८६६ मध्ये ऑलिव्हर लव्हिंगबरोबर गुरं हाकत न्यू मेक्सिकोला गेला. वाटेत जेवणाचं काय? लष्करी गाडीच्या मागे खणांचं कपाट बसवून त्याने फिरतं स्वयंपाकघरच केलं. तीच ती ‘चकवॅगन’. १८७३ च्या मंदीत बराच पैसा बुडाला. तरी चाळिशीत, जॉन अडेअरच्या भांडवलावर, पालो ड्युरोच्या दरीत जेए रँच उभारली.

ही दरी कोमांची आणि कायोवांची. बायसन हे त्यांचं अन्न, वस्त्र, सगळंच. आणि कातड्यांसाठी शिकाऱ्यांनी त्याचे कळपच्या कळप संपवले होते. पत्नी मेरी अ‍ॅनच्या आग्रहाने गुडनाइटने उरलीसुरली वासरं धरून आणून वाढवली. १९१६ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, त्याने कायोवांना बोलावून त्यातल्याच बायसनची शिकार करू दिली. तिचा चित्रपटही काढला! आता यात आस्था किती नि हौस किती, कोण सांगणार? त्या कळपाचे वंशज आज टेक्सासच्याच कॅपरॉक कॅनियन्स उद्यानात चरतात.