वर्कक्यू (लिनक्स कर्नल)

वर्कक्यू अर्थात कार्यरांग ही लिनक्स कर्नलमधील, तत्काळ न करता लांबणीवर टाकलेली कामे पार्श्वभूमीवर पार पाडणारी यंत्रणा होय. उपकरणांच्या ड्रायव्हरांमध्ये तिचा मोठा वापर होतो.

गरज

नेटवर्क कार्ड, डिस्क यांसारखी उपकरणे प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी इंटरप्ट (व्यत्यय-संकेत) पाठवतात. प्रोसेसर हातातले काम अर्धवट ठेवून ड्रायव्हरने नोंदवलेले फंक्शन चालवतो. या फंक्शनला 'झोपता' येत नाही, म्हणजेच एखादी गोष्ट मिळेपर्यंत प्रोसेसर सोडून थांबता येत नाही. त्यामुळे म्युटेक्स घेणे किंवा संथ उपकरणाच्या उत्तराची वाट पाहणे त्याला वर्ज्य असते. म्हणून उपकरणाला पोच देण्याइतकेच काम तेथे उरकून बाकीचे पुढे ढकलतात. सॉफ्टआयआरक्यू आणि टास्कलेट हेही पुढे ढकलण्याचेच मार्ग. परंतु त्यांनाही झोपण्याची मुभा नसते. वर्कक्यूतील काम सर्वसाधारणपणे कर्नलच्या थ्रेडमध्ये चालत असल्याने ती मुभा त्याला मिळते.

इतिहास

ही यंत्रणा २.५ या विकासमालिकेत, २००२ साली इंगो मोल्नार यांच्या पुढाकाराने आली व तिने जुन्या टास्कक्यूची जागा घेतली. सुरुवातीच्या रचनेत बहुतेक रांगा प्रत्येक प्रोसेसरमागे एक स्वतंत्र थ्रेड बाळगत. प्रोसेसरांची संख्या वाढली तशी थ्रेडांची खोगीरभरती झाली. काही संगणकांवर तर केवळ सुरू होतानाच प्रक्रिया-क्रमांकांची सुमारे ३२ हजारांची मूळ मर्यादा भरून जाई. २०१० मध्ये तेजुन हिओ यांनी केलेली पुनर्रचना २.६.३६ या आवृत्तीत समाविष्ट झाली. तेव्हापासून सर्व रांगा कामकरी थ्रेडांचे सामाईक संच वापरतात. प्रक्रियांच्या यादीत दिसणारे 'केवर्कर' ते हेच.

कार्यपद्धती

ड्रायव्हर कोणते फंक्शन चालवायचे याची नोंद असलेला एक कार्यघटक तयार करतो आणि 'क्यू_वर्क'द्वारे तो रांगेत लावतो. घटक आधीच रांगेत प्रतीक्षेत असेल, तर तो पुन्हा लावला जात नाही. नवशिके येथे हमखास फसतात: उपकरणाने तीनदा संकेत दिला तरी काम एकदाच चालू शकते. म्हणून त्या फंक्शनने आपण किती वेळा चाललो हे न मोजता, उपकरणात साठलेले सर्व काही उपसून काढावे लागते. फंक्शन सुरू होण्यापूर्वीच प्रतीक्षेची खूण पुसली जाते; त्यामुळे ते चालू असताना आलेली नवी मागणी वाया जात नाही.

ठरावीक काळानंतर चालवायच्या कामासाठी टायमर जोडलेला 'विलंबित' कार्यघटक असतो.

ड्रायव्हर काढून घेताना

खरा धोका येथे आहे. यूएसबी उपकरण अचानक उपटले गेले आणि ड्रायव्हरने आपली स्मृती मोकळी केली, परंतु रांगेत एक काम शिल्लक राहिले, तर ते काम मोकळ्या झालेल्या स्मृतीला हात घालते. परिणामी कर्नल कोसळू शकतो किंवा सुरक्षेला भगदाड पडते. यासाठी क्रम पाळणे अत्यावश्यक ठरते: प्रथम नवी कामे लावणारे स्रोत, म्हणजे इंटरप्ट व टायमर, बंद करायचे, नंतर 'कॅन्सल_वर्क_सिंक' वापरून प्रतीक्षेतील काम रद्द करायचे व चालू काम संपेपर्यंत थांबायचे, स्मृती त्यानंतरच मोकळी करायची. मात्र थांबणाऱ्याने धरून ठेवलेले कुलूप त्या कामालाही हवे असेल, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकतात.

स्मृतीची टंचाई

स्मृती संपत आली असता नवा कामकरी थ्रेड निर्माण करता येत नाही. पण स्मृती मोकळी करण्यासाठी डिस्कवर लिहिणारे कामच रांगेत अडकले असेल तर? अशा रांगांना 'डब्ल्यूक्यू_मेम_रीक्लेम' ही खूण देतात. तिच्यामुळे रांगेसाठी एक राखीव थ्रेड आधीच तयार असतो आणि अडचणीच्या वेळी तो निदान एकेक काम पुढे नेतो.

२०२४ मधील ६.९ या आवृत्तीत, टास्कलेटना पर्याय म्हणून, सॉफ्टआयआरक्यूमध्ये चालणारा वर्कक्यूचा प्रकार जोडण्यात आला. त्यातील कामांना मात्र झोपता येत नाही.