डॉसच्या काळातील मराठी नोंदी आणि परभणी जिल्हा

परभणी जिल्ह्यात शेतजमिनीच्या हक्काचा माग काढताना आजही १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत जावे लागते. त्याहून जुन्या, निजामी राजवटीतील दप्तरात उर्दू आणि मोडीतील कागद आहेत, आणि ते कितीही जपून ठेवले तरी वाचणारा जाणकार नसेल तर निरुपयोगी ठरतात. संगणकावरील पहिल्या मराठी नोंदींवर हीच वेळ फार लवकर आली.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ मुळे राज्याचा कारभार मराठीत चालू लागला होता. त्यामुळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या जाळ्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी संगणक पोहोचले, तेव्हा देवनागरीची सोय ही पहिली गरज ठरली. त्या काळी वैयक्तिक संगणकावर डॉस ही कार्यप्रणाली, म्हणजे यंत्र आणि वापरणारा यांच्यामध्ये राहून आज्ञा पार पाडणारी मूलभूत व्यवस्था, प्रचलित होती, आणि तिला रोमन अक्षरांत टंकलेल्या आज्ञाच कळत. ही अडचण जिस्ट कार्डाने दूर केली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले हे तंत्र पुण्याच्या सी-डॅक या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेने पुढे नेले. कार्ड यंत्रात बसवले की १२७ च्या पुढील संकेतांक पडद्यावर देवनागरी होऊन उमटत. कार्ड काढले की त्याच जागी चौकटीच्या रेघा आणि युरोपीय अक्षरे दिसत. या संकेतांकांना इस्की म्हणत, आणि १९९१ साली त्यांना भारतीय मानकाचा दर्जा मिळाला.

या मराठी नोंदींच्या फायली डिरेक्टरीत ठेवल्या जात. डिरेक्टरी म्हणजे फायली गटवार ठेवण्याचा कप्पा, ज्याच्या आत आणखी कप्पे करता येतात. डॉसमध्ये नावाला आठच अक्षरांची मर्यादा असल्याने रोमन लिपीतील 'परभणी' तंतोतंत बसे, 'गंगाखेड'चे मात्र नववे अक्षर गळून पडे. 'कॉपी' ही आज्ञा एकाच कप्प्यातील फायली उचलत असे. आतल्या कप्प्यांसह संपूर्ण डिरेक्टरीची नक्कल करण्यासाठी १९८६ च्या ३.२ आवृत्तीत 'एक्सकॉपी' आली. नोंदी एका फ्लॉपीत मावत नसल्या, तर 'एम' ही खूण जोडून नक्कल झालेल्या फायलींवरील 'नक्कल बाकी' असल्याचे चिन्ह पुसले जाई आणि दुसरी फ्लॉपी घातल्यावर उरलेल्या फायलींपासून काम पुढे चाले. ही युक्ती साधी असली तरी अतिशय उपयुक्त होती. परंतु डॉसच्या लपवलेल्या प्रणाली-फायली या आज्ञेने उचलल्या जात नसत, म्हणून डिरेक्टरी पूर्ण उतरली तरी नव्या चकतीवरून यंत्र सुरू होत नसे. त्यासाठी 'सिस' ही वेगळी आज्ञा लागे.

विंडोज ९५ आल्यावर पेच वाढला, कारण जिस्ट कार्ड डॉसच्या मजकुरी पडद्यासाठी घडवलेले होते आणि विंडोजचा पडदा चित्रमय होता. यावर दुहेरी आरंभाचा, म्हणजे एकाच यंत्रावर दोन प्रणाली ठेवून सुरू होताना हवी ती निवडण्याचा, उपाय होता: विंडोज ९५ जुन्या डॉसच्या फायली नावे बदलून सांभाळी आणि एका फाईलमध्ये 'बूटमल्टी' हे मूल्य १ केल्यास आरंभी एफ-४ कळ दाबून जुने डॉस उघडता येई. पुढे फॅट-३२ ही चकतीची नवी मांडणी आली. जुन्या डॉसला ती वाचता येत नसल्याने तिच्यावर हा मार्ग बंद झाला.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. जिल्हा, तालुका, गाव अशा क्रमाने रचलेल्या डिरेक्टरीत अशा वेळी वसमत किंवा कळमनुरीचा कप्पा उचलून हलवणे एका आज्ञेचे काम असते. मात्र ज्या प्रणालीत आणि ज्या संकेतांकांत नोंद झाली ती माहितीही सोबत जाणे आवश्यक असते. केवळ फायलींच्या नकलेला जतन म्हणणे चूक आहे. कार्यालये, पतसंस्था किंवा महाविद्यालये यांच्या कपाटांत डॉसच्या काळातील फ्लॉप्या उरल्या असतील, तर त्यांतील मजकूर चुंबकीय थर झिजण्याआधी इस्कीतून युनिकोड या आजच्या संकेतप्रणालीत आणावा आणि मूळ प्रतही तशीच जपावी.