सैनिकांचे चयापचयी आरोग्य

सैनिकांचे चयापचयी आरोग्य हा लष्करी वैद्यकाचा एक अभ्यासविषय आहे. सैनिकांच्या रक्तातील साखर, मेद, रक्तदाब व कमरेचा घेर यांचा त्यांच्या मनःस्थितीशी आणि दैनंदिन सवयींशी असलेला संबंध त्यात तपासला जातो. सैनिक निवडून घेतलेला, तरुण आणि नियमित व्यायाम करणारा असल्यामुळे तो मधुमेह व हृदयविकारापासून सुरक्षित असतो, असा समज दीर्घकाळ रूढ होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील शवविच्छेदनांनी आणि त्यानंतरच्या दीर्घकालीन पाहण्यांनी हा समज अपुरा असल्याचे दाखवून दिले.

व्याख्या व मापन

चयापचयी आरोग्य बिघडल्याचे निदर्शक म्हणून ‘चयापचयी लक्षणसमूह’ ही संज्ञा वापरली जाते. अमेरिकन वैद्य जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये ‘सिंड्रोम एक्स’ या नावाने ही कल्पना मांडली. प्रचलित व्याख्येनुसार पुढील पाचपैकी किमान तीन बाबी आढळल्यास हा लक्षणसमूह असल्याचे मानले जाते :

• कमरेचा वाढलेला घेर (दक्षिण आशियाई पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. किंवा अधिक)
• ट्रायग्लिसराइडचे प्रमाण दर डेसिलिटरला १५० मिग्रॅ. किंवा अधिक
• उच्च घनतेचे कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० मिग्रॅ. व स्त्रियांत ५० मिग्रॅ. पेक्षा कमी
• रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक
• उपाशीपोटी रक्तशर्करा १०० मिग्रॅ. किंवा अधिक

या मर्यादांच्या आत असलेली व्यक्ती निर्धोक असतेच असे नाही. इस्रायली सैन्यातील १३,१६३ पुरुषांच्या पाहणीत (२००५) सर्वांची उपाशीपोटी रक्तशर्करा १०० मिग्रॅ. पेक्षा कमी, म्हणजे रूढ अर्थाने सामान्य होती. तरीही ८७ मिग्रॅ. पासून पुढे साखर जसजशी वाढत गेली, तसतसा पुढील काळात मधुमेह होण्याचा धोकाही वाढत गेला. साखर ९१ ते ९९ मिग्रॅ. असून ट्रायग्लिसराइड १५० मिग्रॅ. किंवा त्याहून अधिक असलेल्यांत हा धोका, दोन्ही प्रमाणे कमी असलेल्यांच्या तुलनेत, सुमारे आठपट होता.

अभ्यासाचा इतिहास

कोरियाच्या युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. या सैनिकांचे सरासरी वय सुमारे २२ वर्षे होते. त्यांपैकी ७७ टक्क्यांहून अधिक जणांच्या हृदयधमन्यांत धमनीकाठिण्याच्या खुणा आढळल्या. हृदयविकाराची सुरुवात उतारवयात होते, या तत्कालीन धारणेला त्यामुळे मोठा धक्का बसला. व्हिएतनाम युद्धातील १०५ मृत सैनिकांच्या तपासणीत (१९७१) हे प्रमाण ४५ टक्के, तर इराक व अफगाणिस्तानातील मोहिमांत मृत्यू पावलेल्या ३,८३२ सैनिकांच्या तपासणीत (२०१२) ८.५ टक्के आढळले. तपासणीच्या पद्धती सारख्या नसल्याने या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. मात्र तिसऱ्या पाहणीतही ज्यांना उच्च रक्तदाब, रक्तातील मेदाचा विकार किंवा स्थूलता होती, त्यांच्यात धमनीकाठिण्य अधिक दिसून आले.

मनःस्थितीचा संबंध

सैनिकांतील नैराश्य, चिंता व आघातोत्तर तणाव विकृती यांचा चयापचयाशी असलेला संबंध प्रामुख्याने अमेरिकेत अभ्यासला गेला आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘मिलेनियम कोहॉर्ट’ पाहणीतील सुमारे ४४ हजार सैनिकांचा मागोवा घेतला असता, सुरुवातीस आघातोत्तर तणाव विकृती असलेल्यांत पुढे मधुमेह होण्याची शक्यता सुमारे दुप्पट आढळली (२०१०). केवळ मोहिमेवर जाण्याचा मधुमेहाशी तसा ठळक संबंध आढळला नाही. म्हणजेच युद्धाचा अनुभव येणे आणि त्याचा मनावर टिकून राहिलेला परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात.

व्हिएतनाम काळातील जुळ्या भावांच्या नोंदवहीवर आधारित अभ्यासात (२०१३) ही विकृती असलेल्यांपैकी २२.६ टक्के, तर नसलेल्यांपैकी ८.९ टक्के पुरुषांना पुढे हृदयधमनीविकार झाला. जुळ्या भावांचा आनुवंशिक वारसा व बालपण बहुतांशी समान असल्यामुळे अशा तुलनेला विशेष महत्त्व दिले जाते.

हा संबंध कोणत्या मार्गाने घडतो याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या २०१८ मधील एका अभ्यासानुसार, आघातोत्तर तणाव व मधुमेह यांतील दुव्याचा मोठा भाग स्थूलतेने स्पष्ट होतो. त्याच गटाच्या २०१९ मधील अभ्यासात, ज्यांच्या मानसिक लक्षणांत लक्षणीय सुधारणा झाली त्यांना नंतर मधुमेह होण्याचा धोका, सुधारणा न झालेल्यांच्या तुलनेत, सुमारे निम्मा होता. मानसोपचाराचा लाभ मनापुरता मर्यादित नसावा, असे यावरून सूचित होते.

शारीरिक यंत्रणा

दीर्घकालीन ताणात मेंदूतील हायपोथॅलॅमस, पीयूषिका ग्रंथी व अधिवृक्क ग्रंथी यांची साखळी वारंवार उद्दीपित होते. त्यातून स्रवणारे कॉर्टिसॉल यकृताला अधिक साखर निर्माण करण्यास प्रवृत्त करते, स्नायूंची इन्सुलिनला मिळणारी प्रतिक्रिया मंदावते आणि पोटाच्या भागात मेद साठण्यास पोषक ठरते. अनुकंपी चेतासंस्था सतत सतर्क राहिल्याने नाडीचा वेग व रक्तदाब वाढतो. संकटसमयी ही प्रतिक्रिया प्राणरक्षक असते. संकट टळल्यानंतरही ती शमली नाही, तर शरीराला अपाय होतो.

याशिवाय खिन्न मनःस्थितीत व्यायाम टळतो, जेवणाच्या वेळा बिघडतात, तंबाखू व मद्य यांचा आधार घेतला जातो. मनोविकारांवरील काही औषधांमुळेही वजन वाढू शकते. उलट बाजूने, मधुमेह झालेल्यांत नैराश्याचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे हे नाते दुहेरी मानले जाते.

जीवनशैलीच्या सवयी

झोप : रात्रपहारा, पाळ्या आणि मोहिमा यांमुळे सैनिकांची झोप तुटक असते. निरोगी तरुणांना सलग सहा रात्री केवळ चार तास झोपू दिले असता त्यांची साखर पचवण्याची क्षमता घटल्याचे १९९९ मधील एका प्रयोगात दिसून आले. जागे राहण्यासाठी घेतली जाणारी उत्तेजक पेये हा त्याच प्रश्नाचा दुसरा पैलू आहे. अफगाणिस्तानात तैनात अमेरिकन सैनिकांच्या २०१० मधील पाहणीत ४४.८ टक्के सैनिक रोज किमान एक असे पेय घेत होते. रोज तीन किंवा अधिक पेये घेणाऱ्यांत चार तासांहून अधिक झोप न मिळणाऱ्यांचे प्रमाण जास्त होते.

आहार : लष्करी शिधा हा मोठे शारीरिक श्रम गृहीत धरून ठरवलेला असतो. कार्यालयीन नेमणूक मिळाल्यावर श्रम घटतात. खाण्याची सवय मात्र तशीच राहते. याच्या उलट, कठोर प्रशिक्षणात तीव्र उपासमार घडते. अमेरिकेच्या रेंजर प्रशिक्षणावरील १९९० च्या दशकातील अभ्यासांत सुमारे आठ आठवड्यांत प्रशिक्षणार्थींचे वजन १५ टक्क्यांच्या आसपास घटले. प्रशिक्षणानंतर पोटभर आहार मिळू लागताच शरीरातील मेद काही आठवड्यांत पूर्वीपेक्षाही अधिक झाला.

तंबाखू व मद्य : अमेरिकन सैन्याच्या शिध्यात १९७५ पर्यंत सिगारेटींचा समावेश असे. अनेक देशांच्या सैन्यांत मद्य हे सहवासाचे व विरंगुळ्याचे साधन राहिले आहे. अतिरिक्त मद्यपानामुळे ट्रायग्लिसराइड व रक्तदाब वाढतो आणि झोपेची प्रत खालावते.

व्यायाम : नियमित व्यायाम इन्सुलिनची परिणामकारकता वाढवतो आणि नैराश्याची लक्षणेही सौम्य करतो. परंतु धावण्याची वार्षिक चाचणी उत्तीर्ण होणे म्हणजे चयापचय निर्दोष असणे नव्हे. केवळ चाचणीपूर्वीचे काही आठवडे सराव करून उरलेले वर्ष बैठ्या कामात गेल्यास व्यायामाचा लाभ टिकत नाही.

भारतीय सैन्यदले

भारतीय सैन्यदलांत वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पाच अक्षरी पद्धतीने ठरवली जाते. मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता व दृष्टी हे तिचे पाच घटक आहेत. मनःस्थिती आणि मधुमेह वा रक्तदाबासारखे विकार एकाच श्रेणीपत्रात नोंदले जातात, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. श्रेणी खालावल्यास नेमणूक व बढती यांवर परिणाम होऊ शकतो.

लष्करी वैद्यकाचे शिक्षण व संशोधन यांचे प्रमुख केंद्र असलेले सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून पुणे येथे आहे. जवान साधारणतः चाळिशीच्या आसपास किंवा त्याआधीच निवृत्त होतात. याच वयात भारतीयांमध्ये मधुमेहाचे प्रमाण वाढू लागते. पलटणीची शिस्त, ठरावीक दिनक्रम व सोबती हे सर्व एकाच वेळी सुटत असल्यामुळे निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षे विशेष लक्ष देण्याजोगी ठरतात. माजी सैनिकांच्या उपचारांसाठी २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना राबवली जाते.

प्रतिबंध व उपाययोजना

अमेरिकन सैन्याने २०२० मध्ये स्वीकारलेल्या ‘सर्वांगीण आरोग्य व तंदुरुस्ती’ या धोरणात शारीरिक, पोषणविषयक, मानसिक व आध्यात्मिक अंगांसह झोपेलाही सज्जतेचे स्वतंत्र अंग मानले आहे. कमरेच्या घेराची नियमित नोंद, मर्यादेच्या आत असलेल्या पण वाढत जाणाऱ्या साखरेकडे लक्ष, पाळ्यांची आखणी करताना झोपेचा विचार आणि तंबाखू सोडण्यासाठी साहाय्य हे उपाय सर्वसाधारणपणे सुचवले जातात.

या उपायांतील मोठा अडथळा म्हणजे मानसिक त्रास लपवण्याची वृत्ती. इराक व अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या २००४ मधील पाहणीत, मानसिक विकाराची लक्षणे असलेल्यांपैकी केवळ २३ ते ४० टक्के जणांनीच मदत घेतली होती. सहकारी दुबळे समजतील, वरिष्ठांचा विश्वास उडेल ही भीती त्यामागे होती. न सांगितलेल्या त्रासावर उपचार होत नाहीत आणि त्याचे शारीरिक परिणाम अनेकदा वर्षांनंतर, सैनिक गणवेशात नसताना प्रकट होतात.

अभ्यासांच्या मर्यादा

उपलब्ध अभ्यासांपैकी बहुतेक निरीक्षणात्मक आहेत; त्यांतून सहसंबंध कळतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. सैन्यात निरोगी व्यक्तींचीच भरती होत असल्यामुळे नागरिकांशी केलेली तुलना सैनिकांच्या बाजूने झुकते. अनेक पाहण्यांत माहिती सैनिकांनी स्वतः दिलेली असते. बरेचसे संशोधन अमेरिकन पुरुषांवर झाले असल्याने त्याचे निष्कर्ष स्त्री सैनिकांना किंवा अन्य देशांच्या सैन्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

हे सुद्धा पहा

• चयापचय
• मधुमेह
• आघातोत्तर तणाव विकृती
• सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, पुणे