भूल उतरल्यानंतरचा इतिहास

शस्त्रक्रियेच्या इतिहासात १६ ऑक्टोबर १८४६ हा दिवस सुवर्णाक्षरांनी लिहिला जातो. त्या दिवशी अमेरिकेतील बॉस्टन शहरी, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका तरुणास ईथर हुंगवले आणि जॉन वॉरेन या वयोवृद्ध शल्यचिकित्सकाने त्याच्या मानेवरील गाठीवर शांतपणे शस्त्र चालविले. किंकाळी उठली नाही. वेदनेवर माणसाने मिळविलेला हा विजय खराच आहे. परंतु विजयाचा इतिहास बहुधा शस्त्र खाली ठेवले की संपतो. भूल उतरल्यावर खाटेवरच्या माणसाचे काय झाले, त्याला रात्रभर कोरडे उमासे आले का, वेदना शमविण्यासाठी दिलेल्या औषधानेच तो अधिक हैराण झाला का, याची नोंद मागे पडते. घराघरांत मात्र हाच इतिहास आठवणीत राहतो. ‘ऑपरेशनचे काही वाटले नाही, पण त्या ओकाऱ्यांनी जीव नकोसा केला’ हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलेले नाही? त्या विस्मृत बाजूकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभ आपल्याच परंपरेपासून करू. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास इष्ट अन्न खाऊ घालावे, म्हणजे त्यास मूर्च्छा येणार नाही, आणि मद्य घेणाऱ्यास तीक्ष्ण मद्य पाजावे, म्हणजे शस्त्राची वेदना जाणवणार नाही, असे सांगितले आहे. आज शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवतात, तर तेथे जेवू घालण्याची आज्ञा आहे. विसंगती वाटते, पण कारण उघड आहे. त्या काळी रोगी बेशुद्ध नसे. त्याचा घसा जागा असे, त्यामुळे ओकारीचे अन्न श्वासनलिकेत उतरण्याचे भय थोडे आणि अशक्तपणाने घेरी येण्याचे भय मोठे. तरीही मूढगर्भ, उदर, मूळव्याध, मुतखडा, भगंदर आणि मुखरोग यांवरील कर्म मात्र उपाशीपोटीच करावे, असा अपवादही त्याच ग्रंथात आहे. पोटातले अन्न आणि शस्त्र यांचा संबंध विचारपूर्वक ठरवावा लागतो, हे त्या काळीही ठाऊक होते.

वेदनाशामकांचा विचार करताना अफूला वगळून चालत नाही, आणि अफू म्हटले की इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी माणसास दूर जावे लागत नाही. होळकर आणि शिंदे यांच्या मुलखात पिकणारी माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनला जात असे. नीमच आणि मंदसौर हे ग्वाल्हेर संस्थानचे भाग. तेथे आजही सरकारी परवान्याने खसखशीची शेती होते आणि नीमचला अफूपासून औषधी द्रव्ये काढण्याचा सरकारी कारखाना आहे.

या अफूतील मुख्य द्रव्य वेगळे काढले ते जर्मनीतील फ्रीड्रिश झेर्ट्युर्नर या तरुण औषध-विक्रेत्याने, १८०५ च्या सुमारास. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्यास पुढे मॉर्फिन हे नाव मिळाले. १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्याने स्वतःवर आणि तीन तरुणांवर केलेला प्रयोग वर्णिला आहे. थोड्या थोड्या वेळाने मात्रा घेत गेल्यावर चौघेही विषबाधेच्या काठावर पोहोचले आणि अखेर झेर्ट्युर्नरने तीव्र शिरका पाजून ओकाऱ्या काढविल्या. वेदनाशमन आणि ओकारी ही जोडी अशी मॉर्फिनच्या जन्मापासूनच एकत्र नांदते आहे.

असे का होते, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या मध्यास झाला. मेंदूच्या तळाशी एक लहानशी जागा रक्तातील विष हेरण्याचे काम करते. विषारी काही आढळले की ती पोट रिकामे करण्याची आज्ञा देते. मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनाही ती शत्रूच समजते. शिवाय ही औषधे अंतःकर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय अधिक हळवे करतात. म्हणून पडून असेपर्यंत ठीक असणारा रोगी उठून दोन पावले चालला की त्यास गरगरते आणि उमासे येतात. चोर्ला किंवा आंबोलीच्या घाटात ज्याला गाडी लागते, त्याला शस्त्रक्रियेनंतर मळमळ होण्याची शक्यता अधिक का, याचे उत्तर येथे मिळते.

ईथरनंतर सुमारे वर्षभराने, नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. ते गोड वासाचे, थोड्या मात्रेत लवकर गुंगी आणणारे. परंतु २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्याच्या किरकोळ शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्मखाली दगावली. सिम्प्सन म्हणाले, तिला सावध करण्यासाठी तोंडात घातलेल्या ब्रँडी-पाण्याने तिचा श्वास कोंडला. जॉन स्नो हे लंडनचे भूलतज्ज्ञ म्हणाले, तीव्र वाफेने हृदय थांबले. याच स्नो यांनी १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीस प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म दिले होते. भुलीनंतरच्या ओकाऱ्यांकडे आरंभीच लक्ष देणाऱ्यांतही त्यांचे नाव येते. पोट भरलेले असेल तर ओकारी अधिक होते, हे त्यांनी नोंदवून ठेवले.

श्वास की हृदय, हा वाद चाळीस वर्षे चालला आणि त्याचा निवाडा करण्याचा प्रयत्न झाला तो निजामाच्या हैदराबादेत. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे त्या काळी ज्या राजवटीत होते, तिच्याच राजधानीत ही जागतिक महत्त्वाची घटना घडली, हे आपल्या शालेय पुस्तकांत सहसा येत नाही. एडवर्ड लॉरी हे तेथील रेसिडेन्सी सर्जन आणि मेडिकल स्कूलचे प्रमुख. ते एडिंबरो परंपरेतले. नाडी पाहू नका, श्वास पाहा, ही त्यांची शिकवण. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या आश्रयाने त्यांनी १८८८ मध्ये पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन भरविले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने त्याच्या निष्कर्षांवर शंका घेतली, तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊ करून ‘लॅन्सेट’लाच आपला तज्ज्ञ पाठविण्याचे आवाहन केले. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हैदराबादेत दाखल झाले. या दुसऱ्या कमिशनमध्ये लॉरी, ब्रंटन आणि बॉमफर्ड यांच्याबरोबर रुस्तमजी हकीम हे भारतीय डॉक्टरही होते. शेकडो जनावरांवर, विशेषतः कुत्र्यांवर, प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. श्वासावर लक्ष ठेवले तर धोका नाही.

निष्कर्षाचा अर्धा भाग मोलाचा होता. भूल देताना श्वासावरून नजर हलवू नये, हा धडा आजही खरा आहे. दुसरा अर्धा मात्र टिकला नाही. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्म भुलीत हृदय अकस्मात थरथरून बंद पडू शकते. पंधरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूने जी साक्ष १८४८ मध्ये दिली होती, ती खरी ठरली. कमिशनची प्रयोगांवर श्रद्धा होती, यात गैर काही नाही. पण ठिकठिकाणच्या खाटांवरून येणाऱ्या तक्रारींना ‘भूल देणाऱ्याचा हलगर्जीपणा’ म्हणून बाजूस सारले गेले, आणि तेथे घोटाळा झाला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थबकावे. साक्षीदार गैरसोयीचा असला म्हणून तो खोटा ठरत नाही.

याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी या पारशी महिलेने लॉरींच्या हाताखाली क्लोरोफॉर्म देण्याचे काम केले. जगातील पहिली महिला भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते. १९०९ मध्ये त्या अधिक शिक्षणासाठी एडिंबरोसही गेल्या होत्या.

डॉक्टरने स्वतः खाटेवर पडून पाहिल्याचेही एक उदाहरण आहे. ऑगस्ट १८९८ मध्ये जर्मनीतील कील शहरी आउगुस्ट बीअर यांनी पाठीच्या कण्यात औषध टोचून कमरेखालचा भाग बधिर करण्याची रीत प्रथम वापरली. रोग्यांना नंतर डोकेदुखी आणि ओकाऱ्या होतात असे दिसल्यावर त्यांनी स्वतःच्याच कण्यात सुई टोचून घेतली आणि साहाय्यक हिल्डेब्रांट यांच्यावरही प्रयोग केला. हिल्डेब्रांट त्याच रात्री डोके धरून ओकू लागले. बीअर यांना नऊ दिवस उठून बसले की डोके फुटते, आडवे झाले की बरे वाटते, असा अनुभव आला. कण्यातले पाणी झिरपल्याने हे होत असावे, असा तर्क त्यांनी केला. पुढे सुया अधिकाधिक बारीक होत गेल्या आणि हा त्रास पुष्कळ घटला. तक्रारीला मानाचे स्थान मिळाले की उपाय कसा सापडतो, याचा हा नमुना.

ओकारी केवळ त्रासदायक नव्हे, घातकही ठरू शकते, हे १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन यांनी आकड्यांनिशी मांडले. ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासून, भुलीखाली पोटातले फुप्फुसात उतरल्याच्या ६६ घटना त्यांनी वेगळ्या काढल्या. शस्त्रक्रियेआधीच्या उपवासाची कडक शिस्त त्यानंतर जगभर रूढ झाली. पुढे संशोधनाने ती थोडी सैल केली. जड अन्न सहा ते आठ तास आधी बंद, पण निव्वळ पाणी सामान्य माणसास दोन तास आधीपर्यंत चालते, असे आज बहुतेक ठिकाणी मानतात. डॉक्टर सांगतील तेच प्रमाण. परंतु ‘एक घास प्रसाद खाल्ला तर काय होते’ म्हणून गुपचूप भरवणाऱ्या प्रेमळ नातेवाइकांनी मेंडेल्सन यांचे आकडे जरूर आठवावेत.

आता औषध न मानवण्याविषयी. ॲस्पिरिन १८९९ मध्ये बाजारात आले. सर्वांना निरुपद्रवी वाटणारी ही गोळी काही दमेकऱ्यांचा श्वास कोंडते आणि अशांच्या नाकात बहुधा मांसकोंब असतात, हे फ्रान्सच्या व्हिदाल यांनी १९२२ मध्ये वर्णिले. पुढे त्या जातीच्या इतर अनेक वेदनाशामकांनाही हेच लागू असल्याचे दिसून आले. कोडीनचे उदाहरण आणखी विलक्षण आहे. कोडीनचे यकृतात मॉर्फिन होते. काहींच्या यकृतात ते होतच नाही, मग गोळी घेऊनही दुखणे थांबत नाही. काहींच्या यकृतात ते झपाट्याने होते आणि नेहमीची मात्राही जीवघेणी ठरते. टॉन्सिल काढलेल्या मुलांचे मृत्यू झाल्यावर २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी अशा मुलांना कोडीन देण्याविरुद्ध सक्त इशारा दिला. ‘एवढ्याशा गोळीने कोणाला काही होत नाही’ हे वाक्य किती फसवे आहे, ते यावरून ध्यानी यावे.

१९९९ मध्ये जर्मनीच्या क्रिस्टियान आपफेल आणि सहकाऱ्यांनी ओकारीचा अंदाज बांधण्याची सोपी रीत दिली. स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी शस्त्रक्रियेनंतर ओकाऱ्या झालेल्या असणे किंवा गाडी लागणे, आणि नंतर मॉर्फिनजातीची औषधे लागणे, हे चार मुद्दे. यांतला एकही नसेल तर शक्यता १० टक्के, चारही असतील तर जवळजवळ ८० टक्के. म्हणजे ज्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ‘नाजूक’, ‘नाटकी’ म्हटले गेले, त्यांची तक्रार शरीरशास्त्राच्या कसोटीवर खरी उतरली. आपल्या घरांतील किती आज्या-मावश्यांनी ते शब्द मुकाट ऐकून घेतले असतील!

धोका आधी कळला की उपाय हाती असतात. १९९० नंतर प्रचारात आलेले ओन्डॅन्सेट्रॉन, जोडीला डेक्सामेथासोन, संपूर्ण भुलीऐवजी तेवढाच भाग बधिर करणे, मॉर्फिनची मात्रा कमी लागेल अशी वेगळ्या जातीची वेदनाशामके. एवढेच काय, मनगटाच्या आतील बाजूस, तीन बोटे खाली, दोन कंडरांच्या मधोमध दाब देण्याच्या चिनी पद्धतीचाही उपयोग होतो, असे बेलफास्टच्या जॉन डंडी यांच्या १९८० च्या दशकातील अभ्यासापासून दिसत आले आहे. पण हे सारे डॉक्टरांनी योजावे, तर आधी त्यांना कळले पाहिजे. येथेच आपल्या दुभाषी मुलखाची अडचण उभी राहते.

वांती हा शब्द मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषांत समजतो. परंतु ओकारी होण्याआधीची जी मळमळ, तिला कन्नडमध्ये वाकरिके म्हणतात आणि तेलुगूत विकारम्. मराठी माणसाला विकार म्हणजे रोग! शिवाय ‘मला हे औषध मानवत नाही’ या एका वाक्यात आपण पोटात जळजळणे, गरगरणे, उमासे येणे, अंगावर पित्त उठणे आणि धाप लागणे हे सगळे कोंबतो. डॉक्टरांच्या दृष्टीने यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मळमळ आवरता येते. अंगावर गांधी उठून ओठ सुजणे किंवा श्वास कोंडणे ही मात्र जिवावरची गोष्ट. ते औषध पुन्हा देणेच नको.

म्हणून एक साधे काम प्रत्येक घराने करावे. एका कागदावर औषधाचे नाव, ते कधी आणि कशासाठी दिले, नेमके काय झाले, किती वेळाने झाले, एवढे लिहून तो रुग्णालयाच्या फायलीत ठेवावा. पूर्वीची शस्त्रक्रिया, गाडी लागण्याची खोड, दमा, हेही त्यात असावे. जमल्यास मराठीबरोबर जिल्ह्याच्या दुसऱ्या भाषेतही लिहावे. ते काम शाळेत जाणारे नातवंड आनंदाने करील. भूल देणारे डॉक्टर आदल्या दिवशी विचारपूस करायला येतात, तेव्हा ‘सगळे ठीक आहे’ असे म्हणून त्यांना वाटेस लावू नये.

सोसणे हा आपल्याकडे सद्गुण मानला गेला आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तो आहेही. पण गप्प राहून सोसलेल्या त्रासाची नोंद उरत नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचा उपयोग पुढच्या रोग्याला होत नाही. हॅना ग्रीनरपासून हिल्डेब्रांटपर्यंत या विद्येने जे पाऊल पुढे टाकले, ते कोणाच्या तरी शरीराने दिलेली साक्ष कोणीतरी लिहून ठेवली म्हणून. आपल्या घरची साक्षही लिहिलेली असावी.