नॉर्विचचें पिंवळें पांखरूं

मराठींत 'नांव ठेवणें' आणि 'नांवें ठेवणें' या दोन प्रयोगांत अंतर काय तें एका मात्रेचें. पहिल्यानें बारशाची आठवण होते, दुसऱ्यानें भाऊबंदांची. परंतु टोपणनांवांचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे असें दिसून येतें कीं, हें अंतर व्यवहारांतहि फारसें मोठें नाहीं. एका पिढीनें ज्यांना नांवें ठेवलीं, त्यांच्याच घरची एखादी वस्तु पुढच्या पिढ्यांनीं आपलें नांव म्हणून मिरवावी, असें कधीं कधीं घडतें. इंग्लंडांतील नॉर्विच शहराच्या फुटबॉल-संघाचें उदाहरण या दृष्टीनें आम्हांस फार बोधप्रद वाटतें. हल्लचा संघ स्वतःस 'वाघ' म्हणवितो, मिलवॉलचा 'सिंह' म्हणवितो. नॉर्विचच्या धट्ट्याकट्ट्या गड्यांना मात्र त्यांचे चाहते 'कॅनरी' म्हणतात. आणि कॅनरी म्हणजे काय, तर मुठींत मावेल एवढें, पिंजऱ्यांत बसून गाणारें एक पिंवळें पांखरूं! फुटबॉलसारख्या दांडगाईच्या खेळांत हें नाजूक नांव शिरलें कसें, तें आज पाहूं.

इंग्लंडांतील पुष्कळशा जुन्या संघांचीं टोपणनांवें गांवच्या धंद्यावरून पडलेलीं आहेत. शेफील्ड हें पोलादी चाकू-कात्र्यांचें शहर, म्हणून शेफील्ड युनायटेडचे खेळाडू 'पातीं' ठरले. लूटनला टोप्या होत, म्हणून तेथील संघ 'टोपीवाल्यां'चा झाला. नॉर्दॅम्प्टनचे गडी 'मोची' झाले. वुलिच येथील सरकारी शस्त्रागारांतल्या कामगारांनीं १८८६ सालीं काढलेला संघ तो आर्सेनल. त्याचे खेळाडू आजहि 'गोलंदाज' म्हणवितात,—अर्थात् तोफा डागणारे, चेंडू फेंकणारे नव्हेत. हाच न्याय नॉर्विचला लावावयाचा, तर विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें दोन धंदे विशेष भरभराटींत होते. एक बूट-जोड्यांचा व दुसरा मोहरीच्या पुडीचा. तेव्हां तेथील संघाला 'मोची' तरी किंवा 'मोहरीवाले' तरी म्हणावयास हवें होतें. प्रत्यक्षांत नांव पडलें तें पोटाच्या धंद्यावरून नव्हे, फुरसतीच्या छंदावरून.

पहिल्या दर्शनीं याचें उत्तर सोपें वाटतें. नॉर्विचचे खेळाडू पिंवळे सदरे व हिरव्या चड्ड्या घालतात, कॅनरीहि पिंवळी, तेव्हां पोषाखावरून नांव पडलें, झालें! परंतु सालवारी लावून पाहिली म्हणजे हा क्रम बरोबर उलटा ठरतो. नॉर्विच सिटी हा संघ १७ जून १९०२ रोजीं शहरांतील क्रायटेरियन नांवाच्या उपाहारगृहांत भरलेल्या सभेंत स्थापन झाला. त्या वेळीं त्याचा पोषाख निळा-पांढरा होता आणि टोपणनांव होतें 'सिटिझन्स', म्हणजे 'नागरिक', लाडानें 'सिट्स'. हें नांव कोणत्याहि शहराच्या संघास शोभण्यासारखें होतें, आणि म्हणूनच त्यांत नॉर्विचचें असें कांहीं नव्हतें.

संघ निघाला होता हौशी म्हणून. परंतु फुटबॉल असोसिएशननें नेमलेल्या चौकशी-मंडळानें, हा संघ नांवाला हौशी पण वस्तुतः धंदेवाईक आहे, असा ठपका ठेवून हौशी सामन्यांचीं दारें त्यास बंद केलीं. चालक रडत बसले नाहींत. त्यांनीं उघडपणें धंदेवाईक बाणा पत्करला आणि १९०५ सालीं सदर्न लीग या मोठ्या स्पर्धेंत प्रवेश मिळविला. त्याच वर्षीं जॉन बोमन हे नवे व्यवस्थापक म्हणून आले. 'ईस्टर्न डेली प्रेस' या स्थानिक पत्राच्या प्रतिनिधीशीं बोलतांना, या शहराच्या कॅनरी पक्ष्यांविषयीं आपण ऐकून आहों, अशा आशयाचे उद्गार या बाहेरगांवच्या गृहस्थांनीं काढले. संघाच्या संदर्भांत या पांखराचा उल्लेख छापून आल्याचा हा अगदीं आरंभींचा दाखला होय. पुढें लोकांच्या तोंडीं 'नागरिक' मागें पडून 'कॅनरी' रुळूं लागलें, आणि १९०७ सालीं संघानें निळा-पांढरा पोषाख टाकून पिंवळा-हिरवा अंगावर चढविला. म्हणजे पांखरूं आधीं आलें आणि सदरे मागाहून रंगले.

आतां प्रश्न राहिला तो हा कीं, बाहेरगांवच्या माणसालाहि ठाऊक असावी इतकी या शहराच्या कॅनरीची ख्याति झाली कशी? त्यासाठीं वाचकांनीं आमच्याबरोबर त्या काळाच्याहि मागें सुमारें साडेतीनशें वर्षें यावें.

मध्ययुगांत इंग्लंडांतील ज्या मोजक्या शहरांची गणना लंडनच्या खालोखाल होई, त्यांत नॉर्विच होतें. त्याची संपत्ति लोंकरीच्या कापडाची. जवळच्या वर्स्टेड या खेड्यावरूनच 'वर्स्टेड' कापडाला तें नांव मिळालें, आणि ज्यांनीं गरम सूट शिवविला असेल, त्यांच्या कानांवरून तें गेलेंहि असेल. सोळाव्या शतकाच्या मध्यास हा धंदा बसला. त्याच सुमारास समुद्रापलीकडे नेदरलंड्समध्यें स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या अमलाखालीं प्रॉटेस्टंट पंथीयांचा छळ चालला होता, आणि फ्लॅन्डर्सचे कसबी विणकर जीव मुठींत धरून इंग्लंडचा किनारा गांठीत होते. नॉर्विचचा मेयर टॉमस सॉदर्टन व त्याचे सहकारी यांनीं या संकटांत आपल्या शहराचें हित ओळखलें. ड्यूक ऑफ नॉरफोक याच्या साह्यानें त्यांनीं राणी एलिझाबेथची सनद मिळविली आणि इ. स. १५६५ च्या सुमारास तीस कुटुंबें,—चोवीस डच व सहा वॉलून,—रीतसर बोलावून वसविलीं. या लोकांना शहरानें 'स्ट्रेंजर्स', म्हणजे 'परके', असें म्हटलें, आणि तेंच त्यांचें नांव पडलें.

त्यांच्या मागें त्यांचे सोयरे आले, सोयऱ्यांचे शेजारी आले. १५६७ सालीं क्लाइस व्हान वेर्व्हेकिन नांवाच्या एका निर्वासितानें यीप्र शहरीं राहिलेल्या आपल्या पत्नीला नॉर्विचहून लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. इकडे निघून ये, असें तर तो सांगतोच. पण येतांना लोणी थापण्याचीं दोन लहान लांकडी भांडीं आण, असेंहि बजावतो. कारण येथें जिकडे तिकडे डुकराची चरबी, आणि आपलीं माणसें आपलें लोणी घरींच काढतात! देश सुटला, घरदार गेलें, पण लोण्याची चव सुटत नाहीं. परमुलुखीं बिऱ्हाड थाटलेल्या कोणत्याहि गृहस्थास ही मनःस्थिति समजावून सांगावी लागणार नाहीं.

या परक्यांनीं शहराला पुष्कळ दिलें. लोंकर व रेशीम यांच्या मिश्रणाचें, हलकें व सुबक असें नवें कापड त्यांनीं विणलें आणि बसलेला धंदा पुन्हां उभा केला. नॉर्विचमधील पहिला मुद्रक आंतोनी द सोलेंप्न हाहि त्यांच्यांतलाच. १५७० नंतरच्या दशकांत तर शहराच्या सुमारें १६,००० वस्तींत ६,००० च्या आसपास हेच लोक होते. दर आठ माणसांत तीन परके! साहजिकच नांवें ठेवणारेहि निपजले. आमचा धंदा यांनीं खाल्ला, आमचीं घरें यांनीं व्यापलीं, ही ओरड सुरू झाली. १५७० सालीं नॉरफोकमधील जॉन थ्रॉगमॉर्टन प्रभृति कांहीं सरदारलोकांनीं जमाव उठवून या परक्यांना हांकून देण्याचा कट रचला. तो फसला आणि थ्रॉगमॉर्टन फांसावर गेला. पण कट रचण्यापुरता द्वेष शहराच्या आसपास होता, ही गोष्ट राहतेच. १५७९ च्या प्लेगनें शहरांत हजारों माणसें नेलीं. मृत्यूनें मात्र आपला व परका असा भेद केला नाहीं.

आतां पांखराकडे वळूं. कॅनरी मूळची अटलांटिक महासागरांतील कॅनरी, मदीरा व अझोर्स या बेटांची. गंमत अशी कीं, बेटांचें नांव पक्ष्याला मिळालें. आणि बेटांना तें, रोमन ग्रंथकार प्लिनी याच्या सांगण्याप्रमाणें, तेथील मोठाल्या कुत्र्यांवरून पडलें. ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. फुटबॉल-संघाच्या नांवाचेंहि फार खोल शोधूं नये, हें बरें! रानांतली कॅनरी दिसावयास साधी, हिरवट-तपकिरी. तिचा झळझळीत पिंवळा रंग हें माणसानें पिढ्यान्‌पिढ्या निवडून जोड्या लावल्याचें फळ आहे. फ्लॅन्डर्सच्या विणकरांनीं नॉर्विचला येतांना हे पक्षी बरोबर आणले, अशी त्या शहराची परंपरा सांगते. त्या काळीं कॅनरी बेटें व नेदरलंड्स हीं दोन्हीं स्पेनच्याच छत्राखालीं होतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही परंपरा असंभाव्य वाटत नाहीं. मागावर बसलेल्या माणसाचे हात गुंतलेले, पाय गुंतलेले, डोळे सुतावर खिळलेले. मोकळे राहतात ते फक्त कान. विणकराच्या खोलींत उजेड हवा म्हणून खिडक्या मोठ्या. त्या उजेडांत पिंजरा टांगला, कीं दिवसभराच्या एकसुरी खटखटींत तेवढाच गळ्याचा गोडवा. छंद रुजावयास याहून सुपीक जागा कोणती?

पुढें यंत्रयुग आलें. नॉर्विचजवळ दगडी कोळसा नव्हता. कापडाचा धंदा यॉर्कशरकडे गेला आणि विणकरांचीं नातवंडें जोडे शिवूं लागलीं. माग गेले, पण पिंजरे राहिले. एकोणिसाव्या शतकांत गरीब कारागिरांनीं माळ्यावरच्या खोल्यांतून वाढविलेली 'नॉर्विच कॅनरी' ही वाटोळ्या डोक्याची, भरल्या अंगाची स्वतंत्र जातच मान्यता पावली. हे पक्षी दूरदूर विकले जात आणि घरभाड्याला हातभार लागे. प्रदर्शनांतल्या चुरशीपायीं पक्ष्यांना तांबडी मिरची चारून त्यांचा पिंवळा रंग नारिंगी करण्याची युक्तिहि निघाली. बोमनसाहेबांनीं ऐकलेली कीर्ति ती ही.

नांव रुजल्यावर त्याला पालवी फुटत गेली. १९०८ सालीं संघ रोझरी रोडवरील खडूच्या जुन्या खाणींत केलेल्या मैदानावर गेला. त्या मैदानाला लोकांनीं नांव दिलें 'नेस्ट', म्हणजे 'घरटें'. एका बाजूस उंचच उंच भिंत, दुसरीकडे दाटीवाटी. १९३५ सालीं फुटबॉल असोसिएशननें, हें घरटें मोठ्या गर्दीस योग्य नाहीं, असें कळविलें. तेव्हां कॅरो रोडवर अवघ्या ८२ दिवसांत नवें क्रीडांगण उभें राहिलें, आणि जागा दिली ती कोल्मन या मोहरीवाल्या पेढीनें. अशा रीतीनें मोहरीलाहि शेवटीं आपला वांटा मिळाला. १९९३ सालीं याच पांखरांनीं म्यूनिकच्या ऑलिंपिक क्रीडांगणावर जाऊन बायर्न म्यूनिकसारख्या बलाढ्य संघास २-१ असें हरविलें. त्या मैदानावर बायर्नला हरविणारा हा पहिलाच इंग्लिश संघ.

एक गोष्ट मात्र प्रांजलपणें सांगितली पाहिजे. ज्या लोकांनीं १९०५-०७ मध्यें मैदानाच्या कडेला उभें राहून 'कॅनरी' अशी आरोळी ठोकली, त्यांच्या मनांत फ्लॅन्डर्स नव्हता, सनद नव्हती, व्हान वेर्व्हेकिनच्या लोण्याचीं भांडीं नव्हतीं. उपकार स्मरून हें नांव दिलेलें नाहीं. पांखरूं परक्यांचें, ही गोष्ट विसरूनच दिलेलें आहे. यावर कोणी म्हणेल, मग यांत कौतुक कसलें? आम्हांस तर कौतुक यांतच वाटतें. आमच्या उपासाच्या फराळांत बटाटा बसला, तो पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आला हें एकादशीच्या दिवशीं कोणाच्या ध्यानींहि नसतें. त्याच्या सोंवळेपणाची याहून मोठी साक्ष ती कोणती? उपकार म्हणून ठेवून घेतलेली वस्तु घरांत पाहुणी असते. मूळ विसरलें गेलें म्हणजे ती घरची होते. मात्र वस्तु घरची झाली तरी ती ज्यांनीं आणली त्यांचें स्मरण कोणी तरी जपावें लागतें, नाहीं तर पुढच्या खेपेस दारीं आलेल्या माणसांना आपण पुन्हां नांवें ठेवावयास मोकळे होतों.

नॉर्विचनें तेंहि सांभाळलें आहे. सॉदर्टनचें जुनें घर आज 'स्ट्रेंजर्स हॉल', म्हणजे 'परक्यांचा वाडा', या नांवानें संग्रहालय म्हणून उभें आहे. आणि २०१९ सालीं संघानें दुसऱ्या श्रेणीचें अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां संघाचा शिक्षक डानिएल फार्के हा जर्मन होता, व सर्वांत अधिक गोल करणारा टीमू पुक्की फिनलंडचा. परक्या मुलुखांतून आलेल्या या दोघांसाठीं पिंवळ्या-हिरव्या गळपट्ट्यांतले हजारों लोक ओरडत होते, आणि ओरडत होते तें 'कॅनरी' म्हणून. साडेचारशें वर्षांपूर्वीं ज्या शहराच्या परिसरांत परक्यांना घालवून देण्याचे बेत शिजले, त्या शहरानें ठेवून घेतलेलें हें नांव आहे.